खाजत नव्हतं ते

हर्नियाच्या ऑपरेशनला छातीचा एक्स-रे कशाला लागतो, असं मी त्या एक्स-रेवाल्या पोराशी जरा वादच घातला होता. दुखणं बेंबीखाली, आणि हा म्हणतोय छाती काचेला लावा, श्वास रोखा. २०२३ चा श्रावण होता. फिल्म बघून भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "काका, टीबी झाला होता का कधी?" नाही म्हटलं. "छातीवर पडला होता? मार लागला होता?" तेही नाही. दोन्ही बाजूंना, खाली छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या जवळ, चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे डाग दिसत होते. हर्निया राहिला बाजूला आणि माझी रवानगी मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे झाली.

सीटी स्कॅनची फाइल उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "नोकरी कुठं केली?"

"साखर कारखान्यात. आता रिटायर होऊन आठ वर्षं झाली."

"कारखान्यात कुठं?"

"बॉयलरला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे लॅगिंग तुमच्यासमोर व्हायचं."

वाफेच्या पाइपला पांघरूण घालायचं ते काम. समोर कसलं, माझ्या हातानं व्हायचं. पण एवढ्या वर्षांत कुठल्याच डॉक्टरनं मला हा शब्द विचारला नव्हता. सर्दी-खोकला घेऊन गेलो की विडी ओढता का, एवढंच विचारायचे. नाही म्हटलं की पुढचा पेशंट.

त्या डागांना प्लूरल प्लाक म्हणतात. फुप्फुसाभोवती जे पातळ आवरण असतं त्यावर, बरगड्यांच्या आतल्या अंगाला, घट्टे पडावेत तसे हे कडक चट्टे धरतात. वर्षानुवर्षांनी त्यांत चुना साठतो आणि मग ते एक्स-रेत उमटतात. ते कॅन्सर नाहीत, त्यांचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही, बऱ्याच जणांना त्यांचा काही त्रासही होत नाही. ते फक्त सांगतात की हा माणूस कधीतरी अ‍ॅस्बेस्टॉसच्या, म्हणजे तंतू सुटणाऱ्या एका खनिजाच्या, धुळीत वावरलेला आहे. धूळ खाल्ल्याची पावती म्हणा, आणि तीही वीस-तीस-चाळीस वर्षांनी हातात पडते.

ऑपरेशन नीट झालं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण कारखान्यातली माझ्या वयाची माणसं अजून आहेत, आणि त्यांची पोरं आता मोबाइलवर वाचतात.

मी १९७९ ला फायरमन म्हणून लागलो. बावीस वर्षांचा होतो. पुढं बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली, फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट मिळालं, शेवटी फोरमन झालो. बाहेरच्या माणसाला वाटतं, हंगामात कारखाना चालतो आणि पट्टा पडला की आम्ही झोपतो. उलट बॉयलरची खरी कामं ऑफ सीझनला. एप्रिल-मे मध्ये गाळप संपलं की बॉयलर थंड करायचा, उघडायचा, आणि दसऱ्याच्या आसपास अग्निप्रदीपनाला चेअरमन, संचालक सपत्नीक पूजेला बसायच्या आत परत बंद करायचा.

वाफेच्या पाइपला उघडं ठेवता येत नाही. उष्णता जाते आणि माणूस भाजतो. म्हणून त्यावर जे पांघरूण घालतात ते लॅगिंग. आमच्या सुरुवातीच्या काळात त्यासाठी पिशव्यांतून पांढुरकी पावडर यायची. घमेल्यात पाणी घालून कालवायची आणि पाइपवर हातानं थापायची, बायका चूल सारवतात तशी. वर तारेची जाळी, जाळीवर परत एक हात. बॉयलरच्या दारांना आणि मॅनहोलला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी. फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या जोडात, सीएएफचं, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस दाबून केलेल्या पत्र्याचं, गास्केट. तो पत्रा फ्लँजवर धरून कडेनं हातोडीनं ठोकत ठोकत कापायचा. त्या पावडरीला आम्ही नुसतं पावडरच म्हणायचो. दुसरं नाव असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

थापताना फारसं काही उडायचं नाही, ओलं असायचं. खरा धुरळा जुनं लॅगिंग उतरवताना. पाच-सहा हंगाम तापून ते कोरडं ठक्क झालेलं असायचं. पहारेनं उचकटायचं, खाली पाडायचं, खराट्यानं गोळा करायचं. बॉयलर हाउसच्या उंच खिडक्यांतून ऊन येतं ना, त्या पट्ट्यात ती धूळ नुसती तरंगत असायची. बसतच नसे. दुपारी जेवून आलं तरी तिथंच. आणि शिफ्ट सुटताना आम्ही कॉम्प्रेसरची हवा एकमेकांच्या अंगावर मारायचो, कपडे स्वच्छ व्हावेत म्हणून. आज ते आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि मग येत नाही.

मग लॅगिंगला ग्लासवूल आलं, काचेच्या तंतूंचं. पिवळं, गादीसारखं. आणि त्यानं जो गोंधळ केला!

पहिल्याच दिवशी पोरांचे हात कोपरापर्यंत लाल. मानेला खाज, कमरेला खाज, रात्री घरी झोप नाही. डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं. कुणी खोबरेल चोळून यायला लागले, कुणी पूर्ण बाह्यांचे दोन दोन शर्ट, तेही मे महिन्यात, बॉयलरवर. लॅगिंगवाल्यांनी काम थांबवलं. युनियननं पत्र दिलं. शेवटी मॅनेजमेंटनं हातमोजे दिले, जादा साबण दिला, आणि रोजचा गूळ दिला. धुळीच्या कामाला गूळ, ही आपल्याकडची जुनी समजूत. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते म्हणे. मिरजेच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काका, गूळ अन्ननळीतनं जातो, धूळ श्वासनळीतनं. त्यांची गाठ कुठं पडणार?" आमच्या भागातला गूळ, त्याला नावं ठेवायला जीव होत नाही, पण खरं ते खरं.

पावडरीच्या बाबतीत मात्र कधी पत्र नाही, युनियन नाही, हातमोजा नाही. लॅगिंगच्या टोळीचा मुकादम होता, त्याला आपण बापू म्हणू. मी त्याला एकदा विचारलं होतं की नवीन माल चांगला का जुना. तो म्हणाला, "सायेब, ह्यो काचेचा माल म्हंजे खाजकुइली हाय. आपली पावडर बरी. मऊ लागतीया, आंगाला काय करत न्हाई." दुपारच्या सुट्टीत बापू त्या पावडरीच्या पोत्यांवर आडवा व्हायचा. उशाला दोरीचं बंडल.

बापूचा हा हिशेब आम्हा सगळ्यांचाच होता. खाजतं ते वाईट, खाजत नाही ते चांगलं. आणि तो साफ उलटा निघाला.

हे का, ते मी गेल्या दोन वर्षांत वाचून आणि डॉक्टरांचं डोकं खाऊन समजून घेतलंय. ग्लासवूलमध्ये बरेच तंतू जाड असतात. जाड असतात म्हणूनच ते कातडीत टोचतात. आणि जाड असतात म्हणूनच त्यांतले बरेचसे नाकात, घशात अडकतात, खोल जात नाहीत. साधारण ३ मायक्रॉनपेक्षा बारीक तंतूच फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरू शकतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा. अ‍ॅस्बेस्टॉसचा एकेक सुटा तंतू ०.०३ मायक्रॉनपर्यंत बारीक असतो. तो कातडीला टोचणार कसा? तो मऊच लागणार.

दुसरी गोष्ट मला जास्त पटली, कारण ती ऊसवाल्याला पटण्यासारखी आहे. खडू मोडला की आखूड होतो. काचेचा तंतूही तसाच आडवा मोडतो, तुकडे होतात. उसाचं चिपाड मात्र सोलत गेलात तर लांबी तेवढीच राहते आणि ते बारीक बारीक होत जातं. अ‍ॅस्बेस्टॉस असा उभा फाटतो. एकाचे दोन, दोनाचे दहा, सगळे तेवढेच लांब आणि आधीपेक्षा बारीक.

फुप्फुसात कचरा उचलणाऱ्या पेशी असतात. आत आलेला कण त्या गिळतात आणि संपवतात किंवा बाहेर नेतात. पण ती पेशी असते १५-२० मायक्रॉनची. तिच्यापेक्षा लांब तंतू आला की तिला तो पुरता तोंडात घेता येत नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर. ती त्याच्याशी झगडत राहते, तिच्यातून जळजळीत रसायनं बाहेर सांडतात, ती मरते, दुसरी येते. काचेचा तंतू असेल तर तो फुप्फुसातल्या ओलाव्यात हळूहळू विरघळतो, मोडतो, आखूड झाला की गिळला जातो. अ‍ॅस्बेस्टॉसचा, त्यातही निळ्या आणि तपकिरी जातीचा, काही केल्या हटत नाही. वीस-तीस वर्षं तोच झगडा, त्याच जागी. मग तिथं वण धरतात आणि फुप्फुस कडक होतं, त्याला अ‍ॅस्बेस्टोसिस म्हणतात. किंवा फुप्फुसाचा कॅन्सर होतो. किंवा त्या बाहेरच्या आवरणाचाच, ज्याला मेसोथेलिओमा म्हणतात. आमची पावडर पांढऱ्या जातीची होती का कुठली, पिशवीवर लिहिलेलं मी कधी वाचलं नाही. पांढरी जात फुप्फुसात त्यामानानं लवकर विरते म्हणून ती निर्धोक, असं तिचे विकणारे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था सगळ्याच जातींना माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते.

त्याच संस्थेनं ग्लासवूल आणि दगड वितळवून केलेल्या तसल्याच रॉकवूलला १९८८ मध्ये 'कदाचित कॅन्सरकारक' म्हटलं होतं. पुढं ते तयार करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचे अभ्यास आले, जनावरांवरचे प्रयोग आले, आणि २००१ मध्ये इन्सुलेशनच्या ग्लासवूल-रॉकवूलला त्या गटातून काढलं. म्हणजे ज्याच्यावरून आम्ही काम बंद पाडलं, ते खाजवून थांबणारं निघालं. याचा अर्थ ते छातीत भरून घ्यावं असा नाही. घसा, डोळे, दम्याचा त्रास, सगळं आहेच. मास्क लावाच.

पण एक अपवाद सांगायलाच हवा, कारण आजची पोरं त्यातच काम करतायत. सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट. अ‍ॅस्बेस्टॉसच्या जागी भट्टीच्या दारांना ते आलं तेव्हा आम्ही खूश होतो. पांढरं, मऊ, ग्लासवूलसारखं खाजत नाही! हे वाक्य लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण मी फोरमन असताना हेच वाक्य बोललोय. सिरॅमिक फायबर अजूनही 'कदाचित कॅन्सरकारक' गटातच आहे, कारण त्याचे तंतू बारीक असतात आणि विरघळायला वेळ लावतात. शिवाय १००० अंशांच्या वर बराच काळ तापलं की त्यात क्रिस्टोबलाइट तयार होतं, ती सिलिकाचीच एक वाईट जात. म्हणजे नवीन ब्लँकेट बसवण्यापेक्षा जुनं जळकं ब्लँकेट काढणं जास्त धोक्याचं. जुनं काढताना आधी पाणी मारा. कोरडं ओढू नका. रुमाल बांधून काही होत नाही.

आता बापूचं.

बापू १९९८-९९ च्या सुमाराला दमायला लागला. आधी शिडीवर, मग सपाटीवर. त्या वर्षी त्याला टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स दिला. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण फोटोत डाग होते, आणि गरीब माणसाच्या छातीत डाग म्हणजे टीबी, हे आपल्याकडं ठरलेलं. फरक पडला नाही. मग दमा म्हणून फवारा. मी त्याला भेटायला गेलो होतो. बोलताना दोन शब्दांत श्वास घ्यायचा. बोटांची टोकं ढोलाच्या काठीसारखी फुगलेली. त्याच्या पाठीशी बसलो होतो तर श्वास घेताना बारीक आवाज यायचा. कानाजवळ केसांची बट धरून चोळून बघा, तसा. मला वाटलं कफ असेल. मिरजेच्या डॉक्टरांना ही तीन लक्षणं सांगितली तर ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. २००३ मध्ये बापू गेला. त्याच्या कागदावर दमा लिहिलंय.

मीही तेव्हा एक गोष्ट ठामपणे सांगत फिरत होतो. बगॅस. शिळ्या, बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीनं छातीचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस म्हणतात, हे मला माहीत होतं, आणि बापूलाही तेच झालंय असं मी त्याच्या घरच्यांना सांगितलं. अर्धवट ज्ञान. बापू कधी बगॅस यार्डात गेलाच नव्हता.

खरं तर लॅगिंगवाल्यांची गोष्ट जगाला त्याच्या कितीतरी आधी कळली होती. न्यूयॉर्कचे डॉक्टर सेलिकॉफ यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्क-न्यूअर्क भागातल्या लॅगिंग कामगारांचा अभ्यास छापला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीतले नव्हेत, गिरणीतले नव्हेत, आमच्यासारखे पाइपला पांघरूण घालणारे. युनियनच्या जुन्या यादीतले ६३२ जण. त्यांत फुप्फुसाच्या आणि आवरणाच्या कॅन्सरनं सहा-सात मृत्यू अपेक्षित होते, झाले ४५. पुढं १९७९ मध्ये, म्हणजे मी नोकरीला लागलो त्याच वर्षी, आणखी एक हिशेब आला: नुसतं अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका पाचपट, नुसती सिगारेट असेल तर साधारण दहापट, आणि दोन्ही असेल तर पन्नासपट. मी कधी विडीला हात लावला नाही तो वडिलांच्या भीतीनं. बापूच्या कानावर मात्र कायम एक विडी खोचलेली असायची.

आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं २७ जानेवारी १९९५ ला निकाल दिलाय. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राच्या अर्जावर. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. आजार ठरला तर एक लाख भरपाई. निकाल चांगला आहे, चाळीस वर्षांचा आकडा घालणाऱ्यानं आजार समजून घेतलाय. पण बापू कंत्राटी. त्याची नोंद माझ्या डायरीत होती: 'लॅगिंग टोळी, ९ माणसं, ड्रम नंबर २.' नावं नाहीत. ती डायरी मीच लिहायचो.

घरी सीटीचा रिपोर्ट आणला त्या दिवशी मी हे सगळं सांगत होतो आणि आमची मंडळी भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आणि कपडे कोण धूत होतं?"

माझा खाकी युनिफॉर्म ती अंगणात झटकायची, मग दगडावर आपटायची. वीस वर्षं. धाकटा तिथंच खेळत असायचा.

१९६० मध्ये वॅग्नर नावाच्या डॉक्टरांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या डोंगराळ भागातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्या निबंधामुळंच या आजाराचा माग अ‍ॅस्बेस्टॉसपर्यंत लागला. त्यांत सगळे खाणकामगार नव्हते. गुरं राखणारे होते, शेतकरी होते, घरच्या बायका होत्या, एक विम्याचा एजंट होता. हे मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले सीटीही करू, तर "त्या नळकांड्यात मी झोपणार न्हाई" म्हणून ती बाहेर जाऊन बसली. मला आता सहा महिन्यांनी जावं लागतं, फुंकणीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात. दोन वर्षांत आकडा जवळपास तेवढाच आहे.

यंदा उन्हाळ्यात गोठ्याचे सिमेंटचे पत्रे काढायचे ठरले. १९९१ ला मीच घातलेले. सिमेंटच्या पत्र्यात दहा टक्क्यांच्या आसपास अ‍ॅस्बेस्टॉस असतं. सिमेंटमध्ये पक्कं बसलेलं असतं तोवर त्यातून फारसं काही सुटत नाही, पण फोडलं, कापलं, ड्रिल मारलं की सुटतं. साठाहून जास्त देशांत बंदी आहे. आपल्याकडं १९८६ पासून खाणींना नवे पट्टे मिळत नाहीत, पण माल बाहेरून येतो, बराचसा रशियातून, आणि पत्रे गावोगाव मिळतात.

पोरांनी येताना हातोडा आणि ग्राइंडर आणला होता. हातोड्यानं पाच मिनिटांचं काम, असं त्यांचं म्हणणं. मी ग्राइंडर घरात नेऊन ठेवला. पाइप लावून पत्रे भिजवले, बोल्ट पान्यानं सोडवले, दोघांनी धरून एकेक पत्रा अख्खा खाली घेतला. मास्क दिले ते पोरांनी हनुवटीला लावले. दिवस गेला. मजुरी दुप्पट झाली. थोरला दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

बारा पत्रे जाड प्लॅस्टिकात गुंडाळून गोठ्यामागं ठेवलेत. घातक कचरा पुरायची जागा रांजणगावला आहे, पण ती कारखान्यांसाठी. एका शेतकऱ्याचे बारा पत्रे तिथं कोण घेऊन जाणार. भंगारवाला तीनदा विचारून गेला. शेजारी म्हणतात, तुम्हाला नको तर आमच्या शेळ्यांच्या शेडला द्या, चांगले आहेत. मी देत नाही, फेकतही नाही, त्यामुळं गावात माझ्या डोक्याविषयी बोलणं सुरू झालंय.

मंडळींचं म्हणणं वेगळंच. एवढं सपाट कुठंच मिळत नाही, निदान त्या प्लॅस्टिकावर शेणी तरी वाळत घालू द्या.